ई८५ वर (नावाप्रमाणे ८५ टक्के इथेनॉल, बाकी पेट्रोल) गाडी ट्यून करायची आहे. पुण्यात जमेल का, का उगाच हौस?

घाटवळण

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची पोलो जीटी टीएसआय, १.२ टर्बो, डीएसजी. स्टेज वन रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंगचा, म्हणजे मॅपचा, बदल) झालेला आहे, एअर फिल्टर बदललाय, बाकी सगळं कंपनीचंच. रविवारी पहाटे खंबाटकी नाहीतर पसरणी, एवढीच चैन.

गेले काही महिने अमेरिकेतल्या लोकांचे डायनोचे (पॉवर मोजायच्या यंत्राचे) व्हिडिओ बघतोय. तीच गाडी, तोच टर्बो, फक्त टाकीत ई८५ आणि नवा मॅप, की टॉर्कचा आलेख एकदम वर. आपल्याकडे मात्र ई२० आल्यापासून जो तो ॲव्हरेज पडल्याचं रडगाणं गातोय. एकच इथेनॉल, तिकडे पॉवर देतं आणि इकडे खातं, हे कसं?

पुण्यात जून २०२१ मध्ये ई१०० चे तीन प्रायोगिक पंप सुरू झाले होते. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत मिळून १८३ पंपांवर 'इथेनॉल १००' देणार असं जाहीर झालं. म्हणजे माल मिळू शकतो. मग माझ्यासारख्याने ई८५ च्या आसपास मिश्रण करून ट्यून करून घेतलं तर? इंजेक्टर, पंप, नळ्या, काय काय बदलावं लागेल? ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांच्या हाताखालून अशी गाडी गेलीय त्यांनी लिहा. "कंपनीने दिलंय तेच ठेवा" हा सल्ला आमच्या वडिलांकडून रोज फुकट मिळतो.

टाकीफुल्ल

वडिलांचं ऐका.

(चहा घेऊन बसलोय. येऊ द्या.)

पाना_नंबर_दहा

गाडी डायरेक्ट इंजेक्शनची आहे, त्यामुळे अर्धे व्हिडिओ तुमच्या कामाचे नाहीत. ते लोक मोठे इंजेक्टर टाकतात, टाकीतला पंप बदलतात, झालं. तुमच्याकडे टाकीतला पंप फक्त पेट्रोल पुढे ढकलतो. खरं प्रेशर तयार होतं कॅमशाफ्टवर चालणाऱ्या हाय प्रेशर पंपात, शंभर बारच्या वर. इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये फवारतो आणि त्याला वेळ मिळतो अगदी थोडा. आरपीएम वाढला की तो वेळ आणखी कमी. इथेनॉलला इंधन जास्त लागतं. म्हणजे वेळ कमी आणि माल जास्त. वरच्या आरपीएमला पंप हात टेकतो, रेल प्रेशर (इंजेक्टरपाशी पोहोचणारा इंधनाचा दाब) पडतं, मिक्स्चर लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी), आणि बूस्टवर (टर्बोच्या दाबाखाली) लीन झालेल्या टर्बोचा पिस्टन मी टेबलावर ठेवून बघितलेला आहे. कडेला उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो.

म्हणून बाहेरच्या देशांतले शहाणे ट्यूनरसुद्धा स्टॉक हाय प्रेशर पंपावर ई३० ते ई४० च्या पुढे सहसा जात नाहीत. आणि खरं सांगू का, पेट्रोलपेक्षा मिळणारा फायदा बराचसा तिथपर्यंतच मिळून जातो. पहिल्या तीस-चाळीस टक्क्यांत ऑक्टेन (नॉक, म्हणजे इंधन अवेळी भडकणं, टाळायची क्षमता) झपाट्याने चढतो, पुढे चढ मंदावतो.

घाटवळण

@पाना_नंबर_दहा, दादा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे ई३५ चं मिश्रण टाकीतच करायचं झालं तर?

पाना_नंबर_दहा

हिशेब सोपा आहे. पंपावरचं ते 'इथेनॉल १००' शंभर टक्के नसतं. त्यात ९३ टक्क्यांच्या आसपास इथेनॉल, पाच टक्के पेट्रोल आणि थोडं को-सॉल्व्हंट असतं. ४० लिटरच्या टाकीत ८ लिटर ते आणि ३२ लिटर ई२० टाकलं की ई३५ च्या जवळ जाता. पण हे कागदावर. टाकीत आधीचं किती शिल्लक होतं, पंपावरचं ई२० खरंच वीस आहे का, हे मोजल्याशिवाय मॅपला हात लावायचा नाही.

स्नोटायर

मिनेसोटातून. इथे मक्याचं राज्य, त्यामुळे ई८५ गावोगावच्या पंपावर मिळतं. माझी २०१३ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स कित्येक वर्षं त्यावर आहे. पोर्ट इंजेक्शन (इंधन सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जातं), म्हणजे पानासाहेब म्हणतात ती हाय प्रेशर पंपाची अडचण नाही. सविस्तर लिहितो, कारण मूळ प्रश्न छान आहे: एकच इथेनॉल इकडे देतं, तिकडे खातं, ते कसं.

इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या जवळजवळ दोन तृतीयांशच ऊर्जा असते. साधारण २१ मेगाज्यूल, पेट्रोलमध्ये ३२. ही झाली खाण्याची बाजू, त्यातून कोणाचीच सुटका नाही. देण्याची बाजू अशी की त्याचा ऑक्टेन १०८ च्या घरात आहे आणि वाफ होताना ते प्रचंड उष्णता शोषून घेतं. किलोमागे पेट्रोलच्या अडीच पट. त्यात तेवढ्याच हवेसाठी इंधनही जास्त जातं, म्हणून आत येणाऱ्या हवेला मिळणारा गारवा जवळजवळ चौपट होतो. गार हवा, उंच ऑक्टेन, म्हणजे नॉक दूर पळतो. नॉक दूर पळाला की टायमिंग पुढे घेता येतं (ठिणगी लवकर पाडता येते), बूस्ट वाढवता येतो, कॉम्प्रेशन वाढवता येतं. पॉवर येते ती तिथून. तुम्ही यातलं काहीच केलं नाही, जुनाच मॅप ठेवून नुसतं इंधन बदललंत, तर पदरात पडतं फक्त कमी ऊर्जेचं पेट्रोल. भारतात ई२० चं बहुतांश तेच झालंय.

हे कंपन्यांनीही करून दाखवलंय. स्वीडनमधल्या साब ९-५ बायोपॉवरचं दोन लिटरचं टर्बो इंजिन पेट्रोलवर १५० हॉर्सपॉवर द्यायचं आणि ई८५ वर १८०. पार्ट तेच. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंधन ओळखून बूस्ट आणि टायमिंग बदलायचा, एवढंच. कोनिगसेगने २००७ मध्ये ८०६ हॉर्सपॉवरच्या सीसीएक्सची ई८५ वाली आवृत्ती काढली, ती हजाराच्या वर गेली.

आता ट्यूनिंगचं.

पहिली गोष्ट, ई८५ मध्ये ८५ असतंच असं नाही. इथल्या मानकाप्रमाणे ५१ ते ८३ टक्क्यांमधलं काहीही ई८५ म्हणून विकता येतं. उन्हाळ्यात प्रमाण वर, थंडीत मुद्दाम खाली, कारण उणे पंचवीसला शुद्ध इथेनॉलची वाफच होत नाही, इंजिन पेटणार कशावर? आता समजा मॅप ई८० साठी पक्का केलाय आणि टाकीत आलं ई५५. मिक्स्चर रिच होईल, ते परवडलं. पण टायमिंग ई८० च्या ऑक्टेनवर बेतलेलं आहे, ते ई५५ ला झेपेलच असं नाही. म्हणून फ्लेक्स फ्युएल सेन्सर लावायचाच. इंधनाच्या नळीत बसतो, आतल्या इंधनाचा डायलेक्ट्रिक स्थिरांक मोजतो (पेट्रोलचा २ च्या आसपास, इथेनॉलचा २४-२५) आणि ५० ते १५० हर्ट्झचा सिग्नल देतो. ५० म्हणजे शून्य टक्के, १५० म्हणजे शंभर. सिग्नल १५० च्या बराच वर गेला तर समजायचं इंधनात पाणी आहे, कारण पाण्याचा आकडा ८०. ईसीयूमध्ये दोन मॅप असतात, एक पेट्रोलचा, एक इथेनॉलचा, आणि सेन्सर सांगेल त्या प्रमाणात तो दोन्हींच्या मधलं काढतो. फक्त इंधनाचं नाही, टायमिंग, बूस्ट आणि थंड स्टार्टच्या वेळचं इंधन, सगळ्याचंच.

दुसरं, इंधनाचा पुरवठा. पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला एक, इथेनॉलला ९ ला एक, ई८५ ला ९.८ च्या आसपास. लिटरमध्ये मोजलं तर ३५ ते ४० टक्के जास्त इंधन. माझे स्टॉक इंजेक्टर पेट्रोलवरच टॉपला दमत होते, म्हणून १००० सीसीचे टाकले, पंप मोठा टाकला. इंजेक्टरची ड्यूटी सायकल (उघडं राहण्याच्या वेळेचं प्रमाण) ८५ टक्क्यांच्या वर नेऊ नये. त्याच्या पुढे तो उघडाच राहतो आणि तुम्ही काय मागताय ते त्याला कळत नाही.

तिसरं, गेजचा घोळ. वाइडबँड गेज (धुरातला ऑक्सिजन मोजून मिक्स्चर दाखवणारा) बहुधा पेट्रोलच्या मापात दाखवतो. टाकीत ई८५ असलं तरी स्टॉइकला (हवा-इंधन अगदी बरोबर प्रमाणात असताना) गेजवर १४.७ च दिसतं, कारण आत तो लॅम्डा (मिक्स्चर त्या बरोबर प्रमाणाच्या कितपट आहे ते) मोजतो आणि १४.७ ने गुणून दाखवतो. नवशिका कुठेतरी ९.८ वाचतो, गेजवर ९.८ आणायला जातो आणि प्लग बुडवतो. गेज सरळ लॅम्डावर ठेवा. १.० म्हणजे बरोबर, कुठलंही इंधन असो.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पेट्रोलवर ट्यून करताना टायमिंग एकेक अंश पुढे नेतो तसा टॉर्क वाढत जातो आणि मध्येच नॉक येऊन थांबवतो. ई८५ वर बहुधा नॉक येतच नाही. टॉर्क वाढतो, वाढतो, एका ठिकाणी सपाट होतो, आणि तिथून पुढे टायमिंग नेलं तर नुसता सिलिंडरमधला दाब वाढतो, हाती काही लागत नाही. डायनोवर ती सपाट जागा सापडली की दोन अंश मागे या. जे लोक "आवाज तर येत नाही ना" म्हणत रेटत राहतात त्यांचं इंजिन नॉकने जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा हेड गॅस्केट उडतं. नॉक ही धोक्याची घंटा होती, इथेनॉल ती काढून घेतं.

रेंज पाव टक्क्याने नाही, पाव हिश्श्याने पडते. हायवेवर पंप दिसला की भरून घेतो.

टाकीफुल्ल

शेवटचं वाक्य वाचून आमच्या सौ. नी फोन हातातून काढून घेतला.

घाटवळण

@स्नोटायर, जबरदस्त. वाचनखूण साठवली. साब आणि कोनिगसेग टर्बो, सुपरचार्जर वाले. साध्या एनए (टर्बो-सुपरचार्जर नसलेल्या) गाडीला यातून काय मिळतं?

स्नोटायर

थोडंच. बूस्ट नाही, कॉम्प्रेशन ठरलेलं, बहुतेक साधी इंजिनं पेट्रोलवरही नॉकच्या जवळ जात नाहीत. टायमिंगमधून आणि गारव्यातून चार-पाच टक्के आले तर आले. एनए गाडीने खरा फायदा घ्यायचा तर पिस्टन बदलून कॉम्प्रेशन १२-१३ वर न्यावं लागेल. तो खर्च कोणी करत नाही.

कार्ब्युरेटर_काका

तुमचे सेन्सर आणि लॅम्डा चालू द्या. आमच्या कोल्हापूरकडे आरएक्स १०० आणि येझदीवाले काय करणार ते कोणी सांगेल का? कार्ब्युरेटरला कोण सांगायला जाणार की बाबा रे, आज इथेनॉल वाढलंय?

माझा अनुभव लिहितो. ई२० वर गाडी मधल्या थ्रॉटलला मिस मारायला लागली, प्लग काढला तर पांढरा फटक. लीन. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, सुई एक खाच वर घेतली, प्लग परत बिस्किटी रंगावर आला. पण खरा त्रास जेटचा नाही. पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहिली आणि फ्लोट बोलच्या तळाला हिरवट-पांढरा चिकट थर बसला. पेट्रोल कॉकचं रबर फुगून कॉक फिरेना. टाकीच्या तळाला गंज. सध्याचा नियम असा: गाडी उभी करायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा. आणि रबरं विटॉनची, साध्या नायट्रिलची नाहीत. किटमधली काळी स्वस्त रबरं फेकून द्या.

टू-स्ट्रोकवाल्यांनी ऑइलकडे पण बघा. काही जुन्या पद्धतीची ऑइलं इथेनॉलमध्ये नीट मिसळत नाहीत. बाटलीत थोडं मिश्रण करून रात्रभर ठेवा, सकाळी तळाला थर दिसला तर ते ऑइल बाद.

मळीचा_टँकर

सांगलीकडच्या एका कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे, कोणत्या ते विचारू नका. धाग्यावर येण्याचं कारण असं की मला व्यक्तिगत निरोप आलाय: "साहेब, दहा-वीस लिटर स्पिरिट मिळेल का, गाडीत टाकून बघतो." इथेच उत्तर देतो, म्हणजे दुसरा कोणी विचारणार नाही. मिळणार नाही. थेंबाथेंबाचा हिशेब राज्य उत्पादन शुल्क खात्याला द्यावा लागतो. टँकरला सील असतं. शिवाय तुम्ही ज्याला स्पिरिट म्हणता ते गाडीत टाकण्याच्या लायकीचंच नाही.

कॉलममधून ऊर्ध्वपातनाने इथेनॉल ९५-९६ टक्क्यांपर्यंतच जातं. तिथे पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात, पुढे कॉलम कितीही उंच बांधा, पाणी सुटत नाही. उरलेलं पाणी काढायला मॉलिक्युलर सीव्ह लागतो. झिओलाइटच्या मण्यांमधली भोकं इतकी बारीक की पाण्याचा रेणू आत अडकतो आणि इथेनॉलचा बाहेर राहतो. त्यातून निघतं ते ९९.५ टक्क्यांच्या वरचं, पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल. रेक्टिफाइड स्पिरिट पेट्रोलमध्ये ओतलंत तर त्यातल्या पाण्यामुळे थर वेगळे होतील. खाली पाणी आणि अल्कोहोल, वर हलकं पेट्रोल, आणि तुमचा पंप ओढतो तळातून.

काकांच्या गंजाबद्दल: ई१० साधारण अर्धा टक्का पाणी पोटात धरून ठेवू शकतं, ई२० त्याहून जास्त. त्याच्या पुढे गेलं की थर सुटतात. आजकालच्या कारची टाकी बंदिस्त असते, नुसत्या दमट हवेने एवढं पाणी त्यात जात नाही. जुन्या बाइकच्या टाकीचं झाकण श्वास घेतं, वर पाऊस, त्यांना त्रास होणार. आणि पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर नवी-जुनी सगळ्याच गाड्या बसतात.

मिश्रणातून पैसे वाचतील असं कोणाला वाटत असेल तर २०२४-२५ चे खरेदी दर बघा. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला तेल कंपन्या लिटरला ६५.६१ रुपये देत होत्या, बी-हेवी मळीच्याला (साखर बरीच उरलेली मळी) ६०.७३, सी-हेवीच्याला (शेवटची मळी) ५७.९७, मक्याच्याला ७१.८६. लिटरमध्ये ऊर्जा दोन तृतीयांश. म्हणजे पेट्रोलच्या एका लिटरएवढं काम करायला रसाच्या इथेनॉलचे ९८ रुपये झाले, कर आणि वाहतूक वेगळी. आमच्या शेतकऱ्याची बिलं वेळेवर निघतात, परदेशी चलन वाचतं, ही कारणं मला पटतात. स्वस्त इंधन हे कारण पटत नाही.

ॲव्हरेजग्रस्त

मळीचा टँकर साहेब, निदान तुम्ही तरी खरं बोललात. माझी २०१५ ची पेट्रोल सेडान हायवेला १८ द्यायची, आता १४ देते. सरकार म्हणतं फरक किरकोळ. हा वीस-बावीस टक्के फरक किरकोळ आहे का?

स्नोटायर

त्रास खरा आहे, पण त्याचा सगळा दोष इथेनॉलवर टाकता येत नाही. गणित करून बघा. इथेनॉलमध्ये ऊर्जा एक तृतीयांशाने कमी. वीस टक्के मिसळलं तर शून्य मिश्रणाच्या पेट्रोलपेक्षा साडेसहा-सात टक्के कमी. आणि तुमची तुलना ई० शी नाहीच. जून २०२२ मध्ये देशात सरासरी दहा टक्के मिश्रण झालेलंच होतं. ई१० ते ई२० चा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही ई० साठी बनवलेल्या आणि ई१० वर कॅलिब्रेट केलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट होईल असं छापलेलं आहे. तेव्हा १८ चे १७ झाले असते तर मी मान हलवली असती. १४ ला दुसरं कारण शोधा: ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झालाय, ब्रेक चिकटतोय, इंजेक्टर गळतोय.

ॲव्हरेजग्रस्त

म्हणजे ६-७ टक्के घट होणार हे २०२१ मध्येच माहीत होतं, तरी भाव तोच आणि ई१० चा पर्यायही नाही. हे तुम्ही सोयीस्कर विसरताय.

स्नोटायर

विसरत नाही. त्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूला आहे. इथे पंपावर ई१०, ई१५ आणि ई८५ शेजारी-शेजारी असतात, नोझलचे रंग वेगळे, भाव वेगळे, ज्याला जे हवं ते घ्या.

टाकीफुल्ल

+१. तो विषय १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयात जाऊन फेटाळूनही आला. त्याच्यावर वेगळा धागा काढा राव, इथे इंजेक्टर चालू आहेत.

साओ_पावलो_ते_सातारा

नोकरीनिमित्त ब्राझीलमध्ये बरीच वर्षं काढली, म्हणून दोन शब्द.

तिकडे १९७५ मध्ये प्रोआल्कोल योजना सुरू झाली, १९७९ मध्ये फक्त इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ आली. पुढे साखरेचा भाव चढला तशी कारखान्यांनी साखर धरली, पंपावर इथेनॉल मिळेना, आणि इथेनॉलच्या गाड्या घेतलेले लोक रांगेत उभे. त्या गाड्यांवरचा विश्वास जो गेला तो गेला. (आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आले होते, पुढच्या हंगामासाठी ते उठले. मळीवाल्यांना आठवत असेलच.) मार्ग निघाला २००३ मध्ये, फोक्सवॅगन गोल टोटल फ्लेक्स आली तेव्हा. कुठलंही प्रमाण टाका, गाडी चालते. निर्णय पंपावर, भाव बघून.

तिथल्या ड्रायव्हरला पाढ्यासारखा एक आकडा पाठ असतो, सत्तर टक्के. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर इथेनॉल, वर असेल तर पेट्रोल. टॅक्सीवाला पाटीकडे एक नजर टाकतो आणि नोझल उचलतो.

मजा म्हणजे त्यांचं पंपावरचं इथेनॉल पाणी असलेलंच असतं, सात टक्क्यांच्या आसपास. ते पेट्रोलमध्ये मिसळायचं नसून तसंच जाळायचं असतं, म्हणून मॉलिक्युलर सीव्हचा खर्च वाचतो. पेट्रोलमध्ये मिसळतात ते वेगळं, निर्जल. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचं साधं पेट्रोलच ई३० झालं.

थंडीचा प्रश्न तिथेही होता. जुन्या फ्लेक्स गाड्यांना बॉनेटखाली एक छोटी पेट्रोलची टाकी असायची, फक्त स्टार्टपुरती. लोक ती भरायला विसरायचे, मग दक्षिणेकडच्या थंड सकाळी सगळी गल्ली स्टार्टर फिरवत बसलेली. २००९ पासून इंधन आधी गरम करून इंजेक्टरला देणाऱ्या गाड्या आल्या आणि ती टाकी हळूहळू गेली. पुण्यात हा प्रश्न फारसा येणार नाही. महाबळेश्वरला डिसेंबरात ई८५ वर गाडी उभी केलीत तर सकाळी आठवण येईल.

पाना_नंबर_दहा

साहेबांनी ब्राझील सांगितलं, आता चिंचवड सांगतो.

घाटवळण, कायद्याचं आधी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. इंधनाचा प्रकार आरसीवर असतो. उद्या गाडीला आग लागली आणि विमा कंपनीच्या माणसाला इंधनाच्या नळीत कापून बसवलेला सेन्सर दिसला, तर तो फोटो काढून निघून जाईल. तुमची हौस आहे, मी अडवणारा कोण, पण हे माहीत असू द्या.

दुसरं, २०१७ ची गाडी ई२० च्या आधीची आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत रबर, प्लास्टिक ई२० ला चालेल असं ठेवलंय आणि एप्रिल २०२५ पासूनची इंजिनं ई२० वर ट्यून केलेली. तुमच्या गाडीत यातलं काहीच गृहीत धरू नका. टाकीतल्या पंपाचं सील, रिटर्नचा पाइप, क्विक कनेक्टरचे ओ-रिंग. मी आधी ते उघडून बघेन, मॅप नंतर.

तिसरं, ऑइल. इथेनॉल जास्त असेल आणि गाडी फक्त शहरात दोन-दोन किलोमीटर चालत असेल तर ते ऑइलमध्ये उतरतं, पाण्याबरोबर फेसाळतं. ऑइल कॅप उघडली की आत मलईसारखा थर. इंजिन पूर्ण तापून अर्धा तास चाललं की उडून जातं. ऑइल लवकर बदला.

घाटवळण

सगळ्यांचे आभार. आधी मोजमाप केलं, ते इथे टाकतो.

नळीचा प्रयोग: १०० मिलीचं काचेचं मोजपात्र. १० मिली पाणी, त्यावर ९० मिली पेट्रोल. गच्चीवर, आसपास गॅस-सिगारेट काही नाही. तोंड बंद करून हलवलं आणि दहा मिनिटं ठेवलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं, त्यामुळे खालचा थर १० चा फुगून २७-२८ च्या रेषेवर आला. वाढ साडेसतरा, भागिले ९०. म्हणजे साडेएकोणीस टक्के. पंपावरचं ई२० खरंच वीसच्या जवळ आहे. मग घराजवळच्या दुसऱ्या एका पंपाचं आणलं, तेही तेवढंच. (उरलेलं मिश्रण नाल्यात ओतू नका, मी गॅरेजला दिलं.)

मग ओबीडीला (गाडीच्या तपासणी सॉकेटला) डोंगल लावून लॉग घेतला. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू स्वतःहून किती टक्के इंधन वाढवतो-घटवतो तो आकडा) हायवेला अधिक पाच-सहाच्या आसपास. खंबाटकी चढताना तिसऱ्या गियरला पूर्ण थ्रॉटल, टायमिंग रिटार्ड (नॉक टाळायला ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो ते) जवळजवळ शून्य. जुने लॉग काढून बघितले, साध्या पेट्रोलवर त्याच चढाला दुपारच्या उन्हात चारही सिलिंडरला तीन-तीन अंश रिटार्ड दिसत होता.

स्नोटायर

हा या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद. ट्रिमचा आकडा बरोबर बसतो. ई१० चं प्रमाण १४.१, ई२० चं १३.५, म्हणजे साडेचार टक्के जास्त इंधन. ईसीयूने ते स्वतःच भरून काढलं, अजून त्याच्याकडे भरपूर जागा आहे. बहुतेक गाड्यांत हा ट्रिम अधिक पंचवीसच्या आसपास गेला की चेक इंजिन लागतं.

आणि रिटार्ड गेला, हे महत्त्वाचं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं होतं की आधीच्या ९१ च्या जागी ई२० मुळे ऑक्टेन ९५ झालाय. तुमच्या टर्बोने ते ओळखलं. तुमचा स्टेज वन मॅप ज्या पेट्रोलवर केला होता त्यापेक्षा आज टाकीत चांगला ऑक्टेन आहे. ई८५ सोडा. आहे त्या ई२० वर, स्टॉक पंपावर, तोच मॅप नव्याने बसवून घ्या. दोन-तीन अंश टायमिंग घाटात कळेल. रेल प्रेशर मात्र लॉगमध्ये ठेवा, मागितलेलं आणि मिळालेलं, दोन्ही.

ॲव्हरेजग्रस्त

मी पण डोंगल मागवलंय. ट्रिम अधिक अठरा दाखवतोय. हे इथेनॉल का?

स्नोटायर

नाही. ई२० चे चार-पाच, फार तर सहा. उरलेले बारा म्हणजे कुठून तरी हवा आत येतेय नाहीतर पेट्रोल कमी पडतंय. इनटेकचे पाइप, पीसीव्हीची (इंजिनातल्या वाफा परत आत ओढणारी) नळी, फ्युएल फिल्टर, याच क्रमाने बघा.

कार्ब्युरेटर_काका

आणि मिळालं की इथे लिहा. नाहीतर लोक धागे काढतात, उत्तरं घेतात आणि गायब होतात.

मळीचा_टँकर

नळीच्या प्रयोगाबद्दल एक. पाणी आणि इथेनॉल एकत्र आले की आकारमान किंचित आकसतं, म्हणून आकडा अर्धा-एक टक्का कमी येणार. तुमचे साडेएकोणीस म्हणजे वीसच धरा. ई८५ मोजायचं असेल तर पाणी आणि इंधन निम्मं-निम्मं घ्या, नाहीतर थराची रेषा वाचता येत नाही.

घाटवळण

ठरलं. ई८५ चा विचार बासनात. ई२० वर नवा मॅप, आणि पानासाहेबांकडून आधी टाकीतला पंप, सील, नळ्या तपासून. या आठवड्यात आणू का गाडी? गुरुवारी सुट्टी टाकलीय.

पाना_नंबर_दहा

गुरुवारी लाइट नसते आमच्याकडे, लिफ्ट चालत नाही. शुक्रवारी या, टाकी पाव भरलेली ठेवून. फुल्ल टाकी उतरवायला लावू नका.